पॉडकास्ट : तो काय आहे आणि कसा ऐकावा

क्रांती चौकाच्या परिसरातून वसंतातील व्याख्यानांना नेमाने येणाऱ्या मंडळींना 'पॉडकास्ट' हा शब्द आता अगदीच अनोळखी राहिलेला नाही. नातवाच्या तोंडी तो असतो, वर्तमानपत्रांत तो छापून येतो. तरीही हा विषय निघाला की वडीलधाऱ्या श्रोत्यांकडून दोन प्रश्न हटकून येतात : तो किती वाजता लागतो, आणि कुठल्या केंद्रावर लागतो? तरुण मंडळी ह्यावर हसतात. आम्हांला मात्र हे प्रश्न मोठे मार्मिक वाटतात. ज्यांनी आयुष्यभर रेडिओ ऐकला त्यांनी हेच विचारावयाचे. आणि त्यांचे उत्तर नीट दिले तर पॉडकास्ट म्हणजे काय हे निम्मेअधिक सांगून होते. तो ठरावीक वेळी लागत नाही आणि त्याला केंद्र नाही. ऐकणाऱ्याने लावला म्हणजे तो लागतो.

एवढ्याने असे काय मोठेसे बदलले, असे कुणी म्हणेल. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल; पण फार लांब नको, आपल्याच शहरात थांबून चालेल.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची अवघी सहा केंद्रे आली. त्यांखेरीज संस्थानांची पाच केंद्रे होती : म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. होय, औरंगाबाद. पुण्यास आणि नागपुरास केंद्र नव्हते त्या काळी आपल्या ह्या शहरास, ज्याला आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, केंद्र होते. ते अर्थातच निजाम सरकारचे. घराघरांतील भाषा मराठी, पण रेडिओची मुख्य भाषा उर्दू. काय ऐकवावयाचे आणि कुणाला बोलू द्यावयाचे हे सरकार ठरवी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई आटोपली तेव्हा निजामाने आपली माघारही जाहीर केली ती हैदराबादच्या रेडिओवरूनच. पुढे १९५० साली ही केंद्रे भारत सरकारच्या रेडिओत आली. मालक बदलला, पण मांडणी तीच राहिली : बोलणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ, आणि वेळ बोलणाऱ्याच्या सोयीची. नुसता ऐकण्यासाठी रेडिओ घरात ठेवावयाचा तरी टपालकचेरीत दरसाल परवाना-शुल्क भरावे लागे, हे आज सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही.

ह्या मांडणीची आम्ही निंदा करीत नाही. तिने आपल्याला पुष्कळ दिले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने 'गीत रामायण' सुरू केले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, वर्षभर चाललेली ५६ गीते. नवे गीत शुक्रवारी सकाळी लागे आणि शनिवार-रविवारी ते पुन्हा ऐकवीत. त्या पंधरा मिनिटांसाठी घरातली कामे थांबत. ज्याला शुक्रवारी कचेरीची घाई असे तो रविवारी ऐके. रविवारही चुकला तर मात्र इलाज नव्हता. हजारो माणसे एकाच क्षणी एकच गोष्ट ऐकत आहेत, ह्या जाणिवेतही एक निराळा आनंद होता. पॉडकास्टने घड्याळाची सक्ती काढली तेव्हा हा आनंदही तिच्याबरोबर गेला, ही गोष्ट विसरू नये. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पॉडकास्टची जन्मकथा. अमेरिकेतील डेव्ह वाइनर नावाच्या संगणकतज्ज्ञाने २००० सालच्या अखेरीस एक साधी युक्ती बसविली. इंटरनेटवर लिहिणारी माणसे आपल्या नव्या मजकुराची एक यादी प्रसिद्ध करीत. ती यादी वाचकाचा संगणक आपोआप पाहून येई आणि नवे काही आले असल्यास कळवी. ह्या यादीला 'फीड' म्हणतात. वाइनर ह्यांनी त्या यादीत मजकुराबरोबर आवाजाची फाईल जोडण्याची सोय केली. अ‍ॅडम करी नावाच्या, दूरचित्रवाणीवर गाजलेल्या निवेदकाने ह्या कल्पनेचा पाठपुरावा केला. बॉस्टनचे पत्रकार ख्रिस्तोफर लायडन ह्यांनी वाइनर ह्यांच्या मदतीने २००३ साली घेतलेल्या मुलाखती ह्या प्रकारातील अगदी पहिल्या मालिकांपैकी होत. नाव मात्र नंतर मिळाले. फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' ह्या इंग्रजी वृत्तपत्रात बेन हॅमर्सली ह्यांनी ह्या नव्या प्रकारावर लेख लिहिला. लेख एका वाक्याने कमी पडत होता, तेव्हा भरतीच्या वाक्यात त्यांनी दोन-तीन नावे सुचवून टाकली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्यांतले एक 'पॉडकास्टिंग'. 'आयपॉड' हे खिशात मावणारे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रक्षेपण, ह्यांचा तो संकर. भरतीचा शब्द पुढच्याच वर्षी एका अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आयपॉडचे उत्पादन २०२२ साली बंद झाले, शब्द राहिला. त्याला मराठी प्रतिशब्द हवा असे म्हणणारे आहेत. आम्हांला तशी घाई दिसत नाही. स्टेशन आणि टेबल आपण पचविले, तसा हाही पचेल.

फीड म्हणजे काय हे समजावयास मासिकाची वर्गणी आठवावी. आपण वर्गणी भरली की दरमहा अंक घरी येतो. छापखान्यात चौकशीला जावे लागत नाही. अंक हातात पडल्यावर तो आज वाचा, आठवड्याने वाचा, प्रवासात न्या, मागचे अंक काढून बसा. पॉडकास्टचा प्रत्येक अंक, ज्याला 'भाग' म्हणतात, असाच येतो, आणि बहुतेक ठिकाणी वर्गणीला पैसे पडत नाहीत. मोबाइलमधील पॉडकास्टचे ॲप हा जणू आपला पोस्टमन. अनेक मासिकांचे अंक तोच आणतो, आणि पोस्टमन बदलला तरी मासिक बंद पडत नाही. गुगलचे पॉडकास्ट ॲप २०२४ साली बंद झाले, पण त्यावर ऐकल्या जाणाऱ्या मालिका बंद पडल्या नाहीत. श्रोत्यांनी दुसरा पोस्टमन धरला. ह्याउलट जी मालिका एकाच कंपनीच्या दुकानात मिळते ती त्या कंपनीच्या मर्जीवर असते. हल्ली यूट्यूबवरील दोन-दोन तासांच्या चित्रित मुलाखतींनाही लोक पॉडकास्टच म्हणतात. शब्दाची मालकी कुणाकडे नसल्याने त्याला आम्ही हरकत घेत नाही. मात्र डोळे मिटून ऐकता येते ते ऐकणे, एवढा भेद आम्ही मनात ठेवतो.

प्रत्यक्ष सुरुवात सोपी आहे. आयफोनमध्ये ॲपलचे पॉडकास्ट ॲप असते. इतरांनी स्पॉटिफाय, पॉकेट कास्ट्स किंवा मोफत मिळणारे अँटेनापॉड घ्यावे. शोधण्याच्या चौकटीत देवनागरीत लिहावे. सापडले नाही तर तेच नाव रोमन लिपीत लिहून पाहावे, कारण पुष्कळ मराठी मालिकांची नावे तशी नोंदलेली असतात. मालिका आवडली की 'फॉलो' किंवा 'सबस्क्राइब' असे जे बटण दिसेल ते दाबावे, तीच वर्गणी. बीबीसी मराठीने जगातील घडामोडी उलगडून सांगणारी 'गोष्ट दुनियेची' ही मालिका केली आहे. ओंकार जाधव आणि शार्दुल कदम ह्यांचे 'अमुक तमुक' घरगुती गप्पांच्या सुरात आरोग्यापासून नातेसंबंधांपर्यंत जाणकारांना बोलते करते. सौमित्र पोटे ह्यांच्या 'मित्रम्हणे'मध्ये नाट्य-चित्रपटसृष्टीतील माणसे सविस्तर बोलतात. ह्या तिन्हींतला एकेक भाग ऐकला तरी आपल्या रुचीचा अंदाज येईल.

खर्चाची भीती अनेकांना वाटते. साधा हिशेब करू. बोलण्याचा आवाज सेकंदाला ६४ हजार बिट्स ह्या दराने साठविला तर तासाभराची फाईल सुमारे २९ मेगाबाइटची होते, दुप्पट दराने साठविला तर ५८ च्या आसपास. रोजच्या एक-दीड गिगाबाइटच्या साध्या पॅकमध्ये ती सहज बसते. तोच तास चित्रासह पाहावयाचा तर ह्याच्या अनेक पट लागते. घरच्या वायफायवर आदल्या रात्री भाग उतरवून ठेवावा; मग कन्नडच्या घाटात रेंज गेली तरी बोलणे तुटत नाही.

येथपर्यंत यंत्राची बाजू झाली. ती कुणीही पोर अर्ध्या तासात शिकवील. ऐकावे कसे, हे मात्र पोरालाही सांगावे लागते, आणि ह्या लेखाचा खरा विषय तोच आहे.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आपल्याच महाराष्ट्रात ह्या प्रश्नावर एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील खेड्यांसाठी आठवड्यातून दोनदा खास कार्यक्रम लावण्यात आला. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार असे रोजच्या जगण्याचे. सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. प्रत्येकात वीसच्या आसपास गावकरी, एक अध्यक्ष, एक चिटणीस. मंडळी एकत्र बसून ऐकत, रेडिओ बंद झाल्यावर ऐकलेल्यावर चर्चा करीत, आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत. कल्पना मूळ कॅनडाची. तेथे १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि मग बोलत.

पुण्याच्या प्रयोगातील खुबी पुढेच आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची तपासणी केली. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. त्यांनी केवळ मंडळे असलेली गावे पाहिली नाहीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि ज्यांत रेडिओच नव्हता, अशीही गावे त्यांनी तुलनेला घेतली, आणि प्रयोगापूर्वी व नंतर लोकांना त्या विषयांचे किती ज्ञान आहे ते विचारले. मंडळांच्या गावांत ज्ञानात भरघोस वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. रेडिओ तोच, बोलणारा तोच, विषय तेच. फरक एवढाच की एका गावात कार्यक्रम संपल्यावर माणसे उठून गेली आणि दुसऱ्या गावात बसून राहिली. प्रयोग इतका यशस्वी ठरला की १९५९ पासून ही ग्रामीण श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली.

पॉडकास्टच्या श्रोत्याने हा दाखला डोळ्यांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटते. कारण पॉडकास्ट स्वभावतःच एकट्याचा. कानात बोंडे घातली की शेजारी बसलेली बायकोही परकी. रेडिओवर कार्यक्रम ठरविणारा अधिकारी होता, तो भला असो वा बुरा; त्याने निवडलेले, आपण कधी मागितले नसते असेही काही कानावर पडे. व्याख्यानमालेतही तसेच आहे. एका संध्याकाळी खगोलशास्त्र, दुसऱ्या संध्याकाळी सहकारी बँका; खुर्चीवर बसलो म्हणून ऐकतो, आणि उठताना चार गोष्टी नव्या कळलेल्या असतात. पॉडकास्टमध्ये तो अधिकारी गेला आणि त्याचे काम आपल्या अंगावर आले. निवड करावयाची आपण, खरे-खोटे पाहावयाचे आपण, आणि ऐकलेल्याचे पुढे काय करावयाचे तेही आपणच. शिवाय ॲप आपल्याला जे आवडले त्यासारखेच आणखी पुढे सरकवीत राहते. ज्याला एका बाजूचे राजकारण आवडते त्याच्या ताटात रोज तेच वाढले जाते, आणि त्याला वाटते सारे जग हेच जेवते आहे.

ह्यावर आम्ही एक साधी रीत सुचवितो. चार-पाच ओळखीच्या माणसांनी आठवड्याला एक भाग ठरवावा. प्रत्येकाने तो आपापल्या वेळी ऐकावा, नाहीतर सरळ एखाद्याच्या ओसरीवर मोबाइल मोठ्या आवाजात लावून एकत्र ऐकावा, आणि नंतर अर्धा तास बोलावे. निवड पाळीपाळीने करावी. म्हणजे चारांतले तीन भाग आपल्या पसंतीबाहेरचे असतील. ज्याची पाळी असेल त्याने भाग संपल्यावर एवढेच विचारावे : ह्यात नवे काय कळले, आणि ते बोलणाऱ्याला कशावरून कळले?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. कानाजवळ तासभर मायेने बोलणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. छापील अक्षरावर इतक्या लवकर बसत नाही. आपल्या चौकाचेच उदाहरण घेऊ. १८५७ च्या जूनमध्ये येथील छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले, पुण्याहून आलेल्या फौजेने ते मोडले, आणि बंडवाल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. काळा चबुतरा त्या शिक्षांची जागा म्हणून दाखवितात, आणि चौकाच्या नावात ती क्रांती आहे. ह्यावर कुणी रंगवून भाग केला तर तो चौकातल्या बाकावर बसून ऐकण्याइतके सुख नाही. पण सांगणाऱ्याने इतके जण फासावर गेले, इतके तोफेच्या तोंडी दिले असे आकडे सांगितले, तर आपण विचारले पाहिजे की हे गॅझेटियरातून, लष्करी कागदपत्रांतून, की आजोबांच्या तोंडून? आजोबांच्या तोंडून असले तरी हरकत नाही. फक्त तसे सांगावे. जी मालिका आपला आधार सांगते, चूक झाल्यास पुढच्या भागात दुरुस्त करते, आणि जाहिरात ही जाहिरात म्हणून वेगळी काढते, ती धरावी. सूत्रधार गप्पांच्या ओघातच एखाद्या काढ्याची किंवा गुंतवणुकीची तारीफ करू लागला तर कान टवकारावेत. आणि दोन तासांच्या मुलाखतीतले चाळीस सेकंद कापून जे तुकडे मोबाइलवर फिरतात, त्यांवरून कुणाचेही मत ठरवू नये. सबंध भाग ऐकावयास सवड नसेल तर मत राखून ठेवावे.

किरकोळ सूचना दोन-तीन. भाजी निवडताना गप्पा ऐकाव्यात. पण कायदा, इतिहास किंवा आजार ह्यांवरचे भाग हाताला दुसरे काम नसताना ऐकावेत, जवळ कागद ठेवावा. वेग वाढवून ऐकण्याची तरुणांत फॅशन आहे. बातम्यांना सव्वापट वेग चालेल. ज्याच्या बोलण्यातील थांबण्यालाही अर्थ आहे त्याला पळवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने साधारण ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपलीकडे ऐकू नये. मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये म्हणजे पुष्कळ झाले. आणि दोन्ही कानांत बोंडे घालून क्रांती चौकाचा सिग्नल दुचाकीवरून ओलांडणाऱ्यांबद्दल आम्ही येथे काही लिहीत नाही. वाहतूक पोलीस लिहितील.

शेवटी ऐकण्याची दुसरी बाजू, म्हणजे बोलण्याची. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तेव्हा आवाज धरून ठेवण्याचे यंत्रच नव्हते. तेथील किती बोलणे हवेत विरले ह्याची मोजदाद नाही. आज हे काम खिशातला मोबाइल करतो, आणि केंद्राची परवानगी लागत नाही. तरीही मराठी पॉडकास्टची बरीचशी बोली पुण्या-मुंबईची आहे. जालन्याकडचा 'येऊ राहिला' आणि बीडकडचा 'यायलाय' त्यांत क्वचितच ऐकू येतो. आपल्या वाड्यांत, चाळींत, छावणीत अजून अशी माणसे आहेत की ज्यांनी १९४८ चा सप्टेंबर लहानपणी पाहिला. त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे.

त्यांना बोलते करावयास स्टुडिओ लागत नाही. रस्त्याकडची खोली टाळावी, पंखा बंद करावा, दारावर जाडसर गोधडी टांगावी म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाइल बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलावर ठेवावा. मधे मधे बोलू नये. ध्वनिमुद्रण कशासाठी आहे आणि कोण ऐकणार आहे हे आधी सांगून त्यांची संमती घ्यावी, आणि तीही ध्वनिमुद्रित करावी. सुरुवातीसच तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव व वय त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्यावे. एका बैठकीत पाऊण तासाहून अधिक बोलावयास लावू नये; उरलेले दुसऱ्या दिवशी.